डीएस लाइटमधलं आर४ कार्ड 'नवी आवृत्ती टाका' म्हणतंय. टाकू का? आत ताईची चित्रं आहेत

अनघा_पेन्सिल (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्याकडे ताईचा पांढरा डीएस लाइट आहे, निन्टेन्डोचा हातात धरायचा गेम कन्सोल. २००८ ते २०१० या काळात ती त्यावर 'कलर्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये चित्रं काढायची. कॉलेजला जाताना लोकलमध्ये, आजीच्या उशाशी बसून, कुठेही. हा प्रोग्रॅम निन्टेन्डोचा नाही. येन्स अँडरसन यांनी तो २००७ मध्ये हौसेने लिहून फुकट दिला होता आणि तो चालवायला आर४ सारखं कार्ड लागायचं, म्हणजे मायक्रोएसडीवरचे प्रोग्रॅम डीएसवर चालवणारी कॅसेट. त्याची गंमत अशी की चित्रासोबत प्रत्येक फटकारा साठवला जातो, त्यामुळे चित्र पहिल्या रेघेपासून पुन्हा काढलं जाताना बघता येतं.

मूळ आर४ च्या पिना गेल्यावर काही वर्षांपूर्वी तसंच दिसणारं दुसरं कार्ड घेतलं होतं. मायक्रोएसडी मात्र तीच, २ जीबीची. गेल्या आठवड्यात डीएसची फुगलेली बॅटरी बदलून घेतली, सगळं नीट लावलं आणि आता कार्ड उघडलं की मेनूच्या जागी इंग्रजीत संदेश येतो: नवी आवृत्ती आली आहे, अमुक साइटवरून घ्या. पुढे काहीच होत नाही.

त्या साइटवर एक झिप आहे. ती टाकू का? चित्रं पुसली जातील का? ताई डब्लिनला असते, तिला अजून सांगितलेलं नाही.

---

जुनी_कॅसेट (सोमवार, रात्री १०:०५)

अनघाताई, आत्ता काहीही टाकू नका. डीएस बंद करा, मायक्रोएसडी बाहेर काढा आणि कॉम्प्युटरला लावून तिची पूर्ण प्रत घ्या. नुसते फोल्डर कॉपी केले तरी चालेल, पण डिस्क इमेज घेतलीत तर उत्तम, कारण चुकून पुसलेल्या फाइलीही त्यातून बऱ्याचदा परत काढता येतात. २ जीबीच आहे, काही मिनिटांचं काम.

कॉम्प्युटरने 'या ड्राइव्हमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का' असं विचारलं तर प्रत होईपर्यंत 'नाही' म्हणा. तुमचं कार्ड रीडर अॅडॉप्टरवालं असेल तर अॅडॉप्टरच्या कडेला छोटी खिट्टी असते, ती लॉककडे सरकवा, म्हणजे सहसा काही लिहिलं जाणार नाही.

प्रत झाली की इथे कळवा. मग बाकीचं बोलू.

---

सोल्डर_आणि_चहा (सोमवार, रात्री १०:३०)

+१. आणि एक प्रश्न. बॅटरी बदलल्यावर 'सगळं नीट लावलं' म्हणजे काय काय? तारीख लावलीत का? त्याआधी डीएसमध्ये कुठली तारीख होती?

---

अनघा_पेन्सिल (सोमवार, रात्री ११:१५)

प्रत झाली. कलर्सच्या फोल्डरमध्ये १२६ फाइली दिसताहेत. जीव भांड्यात पडला.

तारीख हो, आजची लावली. आधीची नक्की आठवत नाही, पण वर्ष खूप मागचं होतं. बॅटरी मरत आली होती, त्यामुळे घड्याळ कायम चुकलेलं असायचं आणि आम्ही कधी लक्षच दिलं नाही. त्याचा काय संबंध?

---

सोल्डर_आणि_चहा (सोमवार, रात्री ११:५०)

बहुतेक सगळा संबंध त्याचाच आहे.

तुमचं दुसरं कार्ड मूळ आर४ नाही, नक्कल आहे. मूळ आर४ बनवणाऱ्यांचं शेवटचं कर्नल (कार्डाचा मेनू चालवणारा प्रोग्रॅम) १.१८. त्यानंतर ते थांबले, पण 'आर४' हे नाव बाजारात इतकं चाललं की पुढे असंख्य कारखान्यांनी तेच नाव, जवळपास तेच स्टिकर आणि तशाच नावाच्या साइट वापरल्या. स्टिकरवर मोठ्या अक्षरांत एखादं वर्ष छापलेलं असतं. ते फर्मवेअरचं वर्ष नव्हे. बऱ्याचदा आतला बोर्ड तोच राहतो आणि दरवर्षी फक्त स्टिकर बदलतं.

यातल्या काही नकलांच्या कर्नलमध्ये मुदत पेरलेली असते. कार्ड कन्सोलचं घड्याळ वाचतं आणि ठरावीक तारीख उलटली असेल तर मेनू न देता 'नवी आवृत्ती घ्या' म्हणतं. याला टाइमबॉम्ब म्हणतात. कार्डात काही बिघडलेलं नसतं. तुमचा डीएस इतकी वर्षं जुन्या तारखेवर होता, म्हणून तो कधी उडालाच नाही. बॅटरी बदलली, तारीख आजची झाली आणि कार्डाला वाटलं आपली मुदत संपली.

पडताळा अगदी सोपा. मायक्रोएसडी आत्ता बाहेरच राहू द्या. डीएसच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्ष २०१२ करा. मग मायक्रोएसडी लावून कार्ड उघडा.

आणि एक कळकळीने सांगतो. 'अपडेट करा' हे शब्द पडद्यावर आले म्हणजे अपडेटची गरज आहे असं नसतं. बनवणाऱ्याला तुम्ही त्याच्या साइटवर यायला हवे असता. आज नवं कर्नल टाकलंत तर त्यात पुढची मुदत असू शकते.

---

निळा_अँगलर (मंगळवार, सकाळी ७:२०)

फार चांगला धागा. माझ्या डोक्यात 'फर्मवेअर', 'कर्नल' आणि 'अपडेट' हे एकच होतं. कुणी सविस्तर सांगेल का? माझ्याकडे ईझेड फ्लॅश ओमेगा आहे, गेम बॉय अॅडव्हान्सची अशीच मायक्रोएसडीवाली कॅसेट. तिथे अपडेट करताना आर बटण दाबून ठेवा म्हणतात, ते कशाला?

---

जुनी_कॅसेट (मंगळवार, सकाळी ९:१०)

सांगतो. माझ्या मते या विषयात हे एवढंच कळायला हवं, पण बहुतेक जण ते न कळताच बटण दाबतात.

आर४ सारख्या डीएसच्या बहुतेक कार्डांत कर्नल मायक्रोएसडीवरच असतं. कॅसेटच्या आतल्या चिपमध्ये फक्त एक छोटा सुरुवातीचा प्रोग्रॅम. डीएसला 'मी एक साधी कॅसेट आहे' असं पटवायचं, मायक्रोएसडीवरची ठरलेली फाइल शोधायची आणि तिच्या हाती कारभार द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळे अशा कार्डाचं अपडेट म्हणजे मायक्रोएसडीवरच्या दोन-चार फाइली बदलणं. चुकीचं कर्नल टाकलंत तर पडदा 'लोडिंग'वर अडकतो किंवा पांढरा राहतो. जुन्या फाइली परत टाकल्या की पूर्ववत. कार्डाला काही होत नाही.

यातून एक सोपी युक्ती निघते, अनघाताईंसाठी खास: नवं कर्नल मूळ मायक्रोएसडीवर टाकूच नका. दुसरी मायक्रोएसडी घ्या, तिच्यावर करून बघा. जुनी पाकिटात सुरक्षित.

आता ओमेगा. तिथे कर्नल कॅसेटच्या आत, चिपमध्ये बसतं. मायक्रोएसडीवर ठेवलेली फाइल हा फक्त माल उतरवायचा ट्रक. आर दाबून चालू केलं की कॅसेट ती फाइल वाचून स्वतःच्या चिपमध्ये लिहिते. या लिहिण्याच्या वेळी वीज गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं अशी अवस्था होते. म्हणून गेम बॉय अॅडव्हान्सला नवे सेल घाला आणि एसपी (घडीचं मॉडेल) असेल तर आधी चार्जिंगला लावा. दिवा लाल असताना अपडेट सुरू करायचं नाही.

त्याहून खोल एक थर आहे. ओमेगा आणि एव्हरड्राइव्ह यांसारख्या कॅसेटमध्ये एफपीजीए असते. ही अशी चिप, जिच्या आतली जोडणीच फाइलने ठरवता येते. कन्सोलने पत्ता मागितला की मेमरीतला नेमका कुठला तुकडा पुढे करायचा हे ती ठरवते. तिचं फर्मवेअर बदलणं म्हणजे कॅसेटचं वायरिंग बदलण्यासारखं. ते क्वचितच लागतं. बदल काय केला हे वाचून त्यातला एखादा दोष आपल्याला खरंच भेडसावत असेल, तरच करावं.

चौथी भानगड म्हणजे कन्सोलचं स्वतःचं अपडेट, पण त्यावर इथे दुसरं कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं लिहील.

---

रत्नांग्री_रीसेट (मंगळवार, दुपारी १२:४५)

मी लिहितो, कारण मला ते चांगलंच लागलं होतं.

डीएस आणि डीएस लाइटची सिस्टिम निन्टेन्डोकडून नेटवरून अपडेट होत नाही, म्हणून अनघाताई त्या बाजूने निर्धास्त राहा. पण त्यानंतरचे कन्सोल, डीएसआय आणि थ्रीडीएस, होतात. २००९ मध्ये डीएसआयची १.४ आवृत्ती आली आणि त्या वेळची बरीच कार्डं एका रात्रीत बंद पडली. ही कार्डं चालतात कशी? कन्सोलपुढे ती दुसऱ्याच एखाद्या, खरोखर विकल्या गेलेल्या खेळाचं सोंग घेतात. मेनूत दिसतं त्या खेळाचं चित्र आणि नाव. कुठलं सोंग घेतलंय हे निन्टेन्डोला कळलं की पुढच्या अपडेटमध्ये ते पकडलं जातं. मग कार्डवाले नवं सोंग काढतात. हे सोंग कार्डाच्या आतल्या चिपमध्ये असतं, मायक्रोएसडीवर नाही. म्हणजे जुनी_कॅसेट यांनी सांगितलेला धोक्याचा थर.

आता अडचण बघा. सोंग बदलण्यासाठी कार्ड कन्सोलवर उघडायला हवं, आणि कन्सोल तर कार्ड उघडूच देत नाही. त्यामुळे एसकार्ड २आय सारख्या कार्डांना अपडेट करायला जुना डीएस किंवा अपडेट न केलेला डीएसआय शोधावा लागायचा. मी एका मित्राच्या डीएस लाइटसाठी रत्नागिरीहून कोल्हापूरला एसटीने गेलो होतो. अपडेटला लागलं अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात मी श्वास घेतला नसेल.

---

अनघा_पेन्सिल (मंगळवार, दुपारी १:३०)

वर्ष २०१२ केलं. मेनू आला!!

सोल्डर_आणि_चहा, तुम्ही घरी असतात तर आत्ता हातावर साखर ठेवली असती. ऑफिसात डबा खाताना केलं हे. कलर्स अजून उघडलेलं नाही, ते ताईसोबतच उघडेन.

पण आता वाटतंय की घड्याळ कायम खोटं ठेवणं बरोबर नाही. दुसरी मायक्रोएसडी घेऊन दुसरं कर्नल टाकायचं असेल तर कुठलं?

---

सोल्डर_आणि_चहा (मंगळवार, दुपारी २:१०)

छान! ते कार्डाच्या स्टिकरवरच्या साइटच्या नावावर ठरतं. एका अक्षराचाही फरक महत्त्वाचा आहे. दिसायला जुळी असलेली दोन कार्डं आतून पूर्ण वेगळी असतात आणि एकाचं कर्नल दुसऱ्याला चालत नाही. स्टिकरवर काय छापलंय ते अक्षर न् अक्षर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.

हौशी लोकांनी लिहिलेली मुदत नसलेली कर्नल आहेत. मूळ आर४ साठी वुड आर४ हे माझं आवडतं, त्याची शेवटची आवृत्ती १.६२. डीएसटीटी नावाच्या कार्डावर आणि त्याच्या अनेक नकलांवर वायएसमेनू चालतो. एसकार्डसाठी एकेएआयओ. तुमचं कार्ड मुदतवालं आहे म्हणजे मूळ आर४ नाहीच, तेव्हा वुड आर४ ची साधी आवृत्ती चालेल असं धरू नका.

मायक्रोएसडीबद्दल: फॅट३२ फॉरमॅट, क्लस्टर ३२ केबी. फॉरमॅट मारताना विंडोजच्या उजव्या क्लिकपेक्षा एसडी असोसिएशनचं स्वतःचं फॉरमॅटर वापरा. ६४ जीबीची घेऊ नका, ती एक्सफॅटमध्ये येते आणि ही कार्डं ते वाचत नाहीत. ८ किंवा १६ पुरे. घेतल्याबरोबर ती खरी आहे का हे एच२टेस्टडब्ल्यूने तपासा. खोट्या क्षमतेच्या मायक्रोएसडी सर्रास विकल्या जातात आणि त्यांच्यामुळे झालेली खराबी लोक अपडेटच्या माथी मारतात. मीही एकदा एका दुकानातून आणलेली '३२ जीबी' तपासली तर आत ४ च होते. तोवर तीन संध्याकाळी कर्नल बदलण्यात गेल्या होत्या.

मॅक वापरत असाल तर अजून एक. मॅक कॉपी करताना ठिपक्याने सुरू होणाऱ्या अदृश्य फाइली टाकतो. त्या साफ करून मगच कार्ड काढा, नाहीतर मेनूत प्रत्येक गोष्ट दोनदा दिसेल आणि त्यातली एक उघडणार नाही.

---

झीरोवाला_बल्ब (मंगळवार, संध्याकाळी ६:००)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला वाटतं अपडेटला इतकं घाबरायचं कारण नाही. मी कायम सगळं ताजं ठेवतो, दहा वर्षांत एकही कार्ड गेलं नाही.

---

जुनी_कॅसेट (मंगळवार, संध्याकाळी ७:४०)

झीरोवाला_बल्ब, तुमचा अनुभव खरा आहे आणि असाच राहो. पण जानेवारी २०१४ आठवा. थ्रीडीएससाठी गेटवे नावाचं कार्ड होतं, त्याच्या नकला निघाल्या होत्या. २.० बीटा आवृत्ती आली, लोकांनी आनंदाने टाकली आणि काही दिवसांत कन्सोल मरू लागले. कार्ड नाही, कन्सोल. ज्यांना कोड वाचता येतो त्यांनी तो उकलून पाहिला. नकली कार्ड वाटलं तर कन्सोलची आतली मेमरीच निकामी करायची अशी तजवीज त्यात मुद्दाम केलेली निघाली. अस्सल कार्ड वापरणाऱ्यांनीही तक्रारी केल्या होत्या. पुढे लोकांनी मदरबोर्डवर तारा सोल्डर करून ती मेमरी सोडवायचे मार्ग काढले, पण ते किती जणांना जमणार?

त्या वेळी माझ्या धाकट्या भावाने आदल्या रात्री ती फाइल उतरवून ठेवली होती. सकाळी परीक्षा होती म्हणून टाकायची राहिली. दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या.

त्यानंतर माझा नियम: नवी आवृत्ती आली की किमान दोन आठवडे दुसऱ्यांचे अनुभव वाचायचे. कोड उघडा असेल तर भरवसा जास्त. ईझेड फ्लॅशने ओमेगाच्या कर्नलचा सोर्स खुला केला आहे, त्यामुळे इतरांनी त्यावर स्वतःची कर्नलही केली. बंद डब्यातलं फर्मवेअर बनवणाऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला कळत नाही.

---

संपादक_मंडळ (मंगळवार, रात्री ८:१५)

एक विनंती. विकत मिळणाऱ्या खेळांच्या प्रती कुठून उतरवायच्या हा विषय इथे आणू नये, तसे दोन प्रतिसाद काढले आहेत. आर४ सारख्या कार्डांच्या विक्रीवर २००९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने बंदी घातली, २०१० मध्ये ब्रिटनच्या उच्च न्यायालयाचा निकालही निन्टेन्डोच्या बाजूने लागला. स्वतः लिहिलेले किंवा हौशी लोकांनी मोफत दिलेले प्रोग्रॅम, स्वतःच्या सेव्ह फाइली आणि कार्डांची देखभाल यावर मनमोकळं लिहा.

---

देवनागरी_टाइल (मंगळवार, रात्री १०:५०)

मग मी लिहितो, कारण माझं कार्ड फक्त स्वतः लिहिलेल्या गोष्टींसाठीच आहे.

मी जीबी स्टुडिओत (गेम बॉयचे खेळ बनवायचा प्रोग्रॅम) जुन्या गेम बॉयसाठी एक छोटा मराठी खेळ करतोय. गेम बॉयचा पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा, आणि सगळं ८ × ८ च्या चौकटींतून उभं करायचं. इंग्रजी अक्षर एका चौकटीत मावतं. आपलं 'की' मावत नाही. आपल्या अक्षरांना कधी वर वेलांटी, कधी खाली उकार, मध्ये शिरोरेघ. मी प्रत्येक ओळीला दोन चौकटींची उंची दिली आणि शिरोरेघ नेमकी वरच्या चौकटीच्या तळाच्या ओळीत बसवली, म्हणजे ती शेजारच्या अक्षराला न तुटता जुळते. जोडाक्षरं लागतील तेवढीच, हाताने काढली. 'ज्ञ'ला एक अख्खा रविवार गेला.

इम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरचा नकली गेम बॉय) हे झकास दिसायचं. खऱ्या गेम बॉयवर, त्या हिरवट पडद्यावर, ओळ सरकली की शिरोरेघेची सावली मागे राहते आणि वेलांट्या तिच्यात बुडतात. हे एव्हरड्राइव्हवर टाकून हातात धरल्याशिवाय कळलंच नसतं. मग ओळ सरकवणं बंद केलं, पानासारखी पालटते आता.

अपडेटबद्दल माझा अनुभव एवढाच: एव्हरड्राइव्हवर सिस्टिमचा फोल्डर बदलण्याआधी मी जुना फोल्डर नाव बदलून कॉम्प्युटरवर ठेवतो, आवृत्तीच्या आकड्यासह. एकदा नव्या आवृत्तीनंतर माझाच खेळ सेव्ह करेना. मी दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. जुना फोल्डर परत टाकला, तरीही तेच. म्हणजे चूक खरोखर माझीच होती, मी कॅसेटचा प्रकार चुकीचा लिहिला होता. जुनी आवृत्ती हाताशी होती म्हणून हे अर्ध्या तासात सिद्ध झालं.

---

निळा_अँगलर (बुधवार, सकाळी ८:०५)

'ज्ञ'चा फोटो टाका ना!

आणि माझ्या ओमेगाबद्दल शेवटचा प्रश्न: अपडेटने सेव्ह जातात का?

---

जुनी_कॅसेट (बुधवार, सकाळी ९:००)

ओमेगात खेळताना सेव्ह आधी कॅसेटमधल्या बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत राहतं आणि पुढच्या वेळी चालू केल्यावर मायक्रोएसडीवर उतरतं. म्हणून अपडेटच्या आधी एकदा नेहमीसारखं चालू करा, मेनू येऊ द्या, बंद करा, मग मायक्रोएसडीची प्रत घ्या. खेळून लगेच कार्ड काढून प्रत घेतलीत तर शेवटच्या बैठकीचं सेव्ह त्यात नसेल. बटण-बॅटरी जुनी असेल तर तीही बदला. ती बदलताना त्या मेमरीतलं सगळं जातं, म्हणून तेही प्रत घेतल्यावरच.

---

अनघा_पेन्सिल (रविवार, रात्री ११:३०)

उशिरा लिहितेय, क्षमस्व.

सोल्डर_आणि_चहा यांनी स्टिकर वाचून वायएसमेनू सुचवला. नवी ८ जीबीची मायक्रोएसडी घेतली, तपासली, फॉरमॅट मारला, कर्नल टाकलं. पहिल्यांदा पांढरा पडदा. कळलं की मी एक फोल्डर दुसऱ्या फोल्डरच्या आत टाकला होता. दुसऱ्यांदा मेनू आला, घड्याळात आजची तारीख असताना. मग कलर्स आणि १२६ चित्रं तिच्यावर उतरवली. जुनी मायक्रोएसडी मी हात न लावता डबीत ठेवली आहे.

आज ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि डीएस कॅमेऱ्यासमोर धरला. पहिलंच चित्र आजीचं होतं, दुपारी झोपलेली. मला वाटलं होतं तिने चेहऱ्यापासून सुरुवात केली असेल. चित्र आपोआप काढलं जायला लागलं तेव्हा आधी चष्मा आला, उशीवर काढून ठेवलेला. मग बराच वेळ नुसती उशी. चेहरा अगदी शेवटी. ताई म्हणाली, 'मी घाबरत होते चेहऱ्याला, ती जागी झाली तर म्हणून.'

---

सोल्डर_आणि_चहा (रविवार, रात्री ११:५०)

अनघाताई, हे सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

दुसरी प्रत कुठे ठेवलीत?

---

अनघा_पेन्सिल (सोमवार, सकाळी ७:१०)

एक माझ्या लॅपटॉपवर, एक आईच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर, आणि डिस्क इमेज ताईला रात्रीच पाठवली. तिने उघडून मोजल्या. १२६.